घटस्फोटावरचा कॉमेडी पिक्चर आपल्याच पोरांना दाखवायचाय? मग आधी हे वाचा

आधी ओळख करून देतो म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. घटस्फोट झालेला बाप, पोरगी नऊ वर्षांची, ती आईकडे मुलुंडला असते आणि शनिवार-रविवार माझ्याकडे बोरिवलीला. देवाणघेवाण दादरच्या ब्रिजवर होते, तिकडून सेंट्रलवाले येतात इकडून वेस्टर्नवाला, मध्ये पोरगी आणि तिची दप्तराएवढी बॅग. तर अशा घरात पोरांना 'मिसेस डाउटफायर' (घटस्फोट झालेला बाप पोरांजवळ राहता यावं म्हणून म्हातारी आया बनून घरात शिरतो, तो पिक्चर) कसा दाखवायचा हे मी सांगणार आहे, कारण मी एकदा भयंकर चुकीच्या पद्धतीने सुरुवात केली होती.

चूक अशी की मी 'चाची ४२०' आधी लावला. १९९७ चा, कमल हासनचा, त्यानेच डायरेक्ट केलेला, डाउटफायरवरूनच उचललेली गोष्ट, आणि आपल्या लोकांना तर दुप्पट मजा कारण चाची म्हणजे नऊवारी नेसलेली लक्ष्मी गोडबोले. माझी आई पण शेजारी बसलेली, तिचा तो आवडता पिक्चर, अमरीश पुरी चाचीच्या मागे लागला की ती अजून डोळ्याला पदर लावून हसते. शेवटी नवरा-बायको एकत्र येतात. आणि आई पटकन बोलून गेली, "बघ, आले की नाही शेवटी एकत्र?" पोरगी तेव्हा सात वर्षांची, काही बोलली नाही. रविवारी संध्याकाळी दादरला आईला भेटल्या भेटल्या म्हणाली, "आई, आपण पण एक चाची ठेवूया का?" त्यानंतर तिच्या आईचा मला जो फोन आला तो इथे लिहीत नाही.

म्हणून पहिला नियम. डाउटफायर आधी, चाची खूप नंतर. डाउटफायरमध्ये ते दोघं परत एकत्र येत नाहीत. आणि हे उगाच झालेलं नाही, सुरुवातीच्या लिखाणात त्यांना एकत्र आणायचं होतं, पण बाप झालेला रॉबिन विल्यम्स, आई झालेली सॅली फील्ड आणि डायरेक्टर ख्रिस कोलंबस यांनी ते होऊ दिलं नाही, कारण घटस्फोट झालेल्या घरातल्या पोरांना खोटी आशा लागेल. १९९३ सालच्या हॉलिवूडच्या कॉमेडीत हा विचार केला गेला याचं मला आजही कौतुक वाटतं. आणि हा शेवट पोरांना आधीच सांगून टाका. हो, सस्पेन्स फोडा. "यातले आईबाबा शेवटी वेगळेच राहतात पण पोरं दोघांना भेटतात" एवढं एक वाक्य पिक्चर सुरू व्हायच्या आधी. नाहीतर पोर दोन तास पिक्चर बघत नाही, निकालाची वाट बघतं.

दुसरं, आपल्या एक्सला आधी कळवा. मला माहितीय नको वाटतं, पण कळवा. मी व्हॉट्सॲप केला की शनिवारी असा असा पिक्चर दाखवतोय, घटस्फोटाचा विषय आहे, चालेल ना. तिचा रिप्लाय आला, "शेवट काय आहे?" मी लिहिलं एकत्र येत नाहीत. मग आलं, "चालेल. आजींना खोलीत बसवू नको." गेल्या कित्येक महिन्यांत आमचं इतकं एकमत कशावरच झालं नव्हतं.

आजी-आजोबांचा प्रश्न खरंच मोठा आहे. त्यांना बाहेर काढा असं नाही म्हणत, वन बीएचकेमध्ये काढणार कुठे, पण आधी बाजूला घेऊन सांगा की "बिचारी पोरं", "आई अशी कशी", "आमच्या वेळी असं नव्हतं" यातलं एकही वाक्य नको. माझ्या आईला मी भजी तळायला पाठवलं, ती पण खूश आणि आम्ही पण.

वय किती हवं? अमेरिकेत याला पीजी-१३ दिलंय, म्हणजे तेराच्या आतल्यांसाठी पालकांनी आधी विचार करावा. मध्ये मध्ये मोठ्यांचे विनोद आहेत, ते आठ-नऊ वर्षांच्या पोरांच्या डोक्यावरून जातात. आठच्या खाली मी दाखवणार नाही, विनोदांमुळे नाही तर भांडणामुळे. पिक्चर २ तास ५ मिनिटांचा आहे आणि रॉबिन विल्यम्स लोकलच्या स्पीडने बोलतो, त्यात म्हातारी झाल्यावर स्कॉटिश धाटणीचे उच्चार, तेव्हा सबटायटल लावा आणि रिमोट हातातच ठेवा.

आता पॉज कुठे करायचा. सुरुवातीलाच मुलाच्या वाढदिवसाची पार्टी आहे, बाप घरात चक्क प्राणी आणतो, घोडा बकऱ्या सगळं, आई कामावरून येते आणि जबरदस्त भांडण होऊन ती घटस्फोट मागते. मोठ्यांना दिसतं की हे कित्येक वर्षांचं साचलेलं आहे. लहान पोराला काय दिसतं? वाढदिवस झाला म्हणून घर मोडलं. माझ्या पोरीने नेमकं हेच विचारलं, "त्याने बर्थडे केला नसता तर?" इथे थांबा, चहा गार होऊ दे. मी तिला सांगितलं की पार्टी नसती तर दुसऱ्या कशावरून तरी झालं असतं, पोरांच्या वाढदिवसाने कोणाचं लग्न मोडत नाही, आमचं पण तुझ्यामुळे मोडलेलं नाही. हे मी तिला आधी कधी सरळ सांगितलंच नव्हतं हे मला तेव्हा कळलं. ती म्हणाली "माहितीये", आणि भजी घेतली, पण माहिती नव्हतं, तोंडावरून कळत होतं.

दुसरा पॉज कोर्टाच्या सीनला. बापाकडे नोकरी नाही घर नाही, म्हणून पोरं आईकडे आणि बापाला फक्त शनिवार. (आमचा शनिवार! पोरगी ओरडलीच.) मग तिचा प्रश्न, "जजने त्या मुलांना विचारलं का नाही?" याचं उत्तर तयार ठेवा कारण हा प्रश्न येतोच. आपल्याकडे पालकत्वाचा कायदा १८९० चा आहे पण त्यातसुद्धा लिहिलंय की मूल समजत्या वयाचं असेल तर कोर्ट त्याचं म्हणणं लक्षात घेऊ शकतं, आणि जज कधीकधी पोरांशी आपल्या चेंबरमध्ये बसून बोलतात. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, हे हिंदूंसाठीच्या १९५६ च्या कायद्यात. बीकेसीत बांद्र्याचं कुटुंब न्यायालय आहे तिथे मुलांच्या भेटीसाठी वेगळी जागा पण आहे, कोर्टात ताबा मागणारे आईबाप तिथे खेळण्यांमध्ये मांडी घालून बसलेले दिसतात. सगळं सांगू नका, विचारलं तेवढंच सांगा, आणि "मला कोर्टाने एवढंच दिलं" असा रडका सूर अजिबात नको.

आता बापांसाठी खास, कारण खड्डा इथेच आहे. हा पिक्चर बापाच्या बाजूने आहे. बाप मजेशीर, आई कायम वैतागलेली. आपल्याला बघताना आतून गुदगुल्या होतात की बघा, बाप किती करतो पोरांसाठी. तोंडातून "बघ हं" निघायच्या आत भजी कोंबा. उलट मिरांडाकडे, म्हणजे त्या आईकडे, बघा जरा, कमावते ती, घर चालवते ती, बकऱ्यांनी केलेला पसारा आवरणार पण तीच. बाप गंमत करतो आणि कोणीतरी वाईट व्हायलाच लागतं, तर ती होते. मी हे पोरीला मोठ्याने बोलून दाखवलं, "डबा, होमवर्क, डॉक्टर सगळं आई बघते आणि मी शनिवारी पिक्चर दाखवतो, म्हणून मी भारी वाटतो." ती म्हणाली तू तसा काही एवढा पण भारी नाहीस. बरं.

आणि स्टू. आईचा नवा मित्र, पियर्स ब्रॉस्नन. पिक्चरने त्याला व्हिलन केलेलं नाही हे महत्त्वाचं, तो पोरांशी नीट वागतो. तरी आपला हिरो हॉटेलात त्याच्या जेवणात लाल तिखट टाकतो, त्याला ॲलर्जी आहे हे माहीत असून, आणि तो माणूस गुदमरतो. सगळे हसतात इथे. हसू द्या, पण नंतर पोर म्हणालं की हे चुकीचं होतं, तर बापाची बाजू घेऊ नका. तुमच्या एक्सच्या आयुष्यात कोणी असेल तर या सीनला तोंडच उघडू नका, खोकला पण नको.

बाकी मधला सगळा भाग मोकळा सोडा. नकली छातीला गॅसवर आग लागते, मास्क खिडकीतून पडून ट्रकखाली जातो आणि तो केकचं क्रीम तोंडाला फासून कोर्टाच्या बाईसमोर येतो, मुलगा चुकून बाथरूममध्ये बघतो की म्हातारी उभ्याने करतेय... इथे समजावत बसलात तर तुमच्यासारखा बोअर माणूस नाही. त्या मेकअपला ऑस्कर मिळालंय हे हवं तर सांगा.

शेवटी म्हातारी टीव्हीवर एका मुलीच्या पत्राला उत्तर देते, तिचे आईबाप वेगळे झालेत. तिथे पोराच्या तोंडाकडे टक लावून बघू नका. टीव्हीकडेच बघा. संपल्यावर "कसं वाटलं, काही बोलायचंय का" असलं काही नाही, बोलायचं असेल तर ते लिफ्टमध्ये किंवा दात घासताना अचानक बोलतात.

आणि टायमिंग. हा पिक्चर शनिवारी सकाळी लावा, रविवारी दुपारी कधीच नको. रविवारी लावलात तर पिक्चर संपला की बॅग भरा, चार चौपन्नची का कुठली ती फास्ट पकडा आणि दादरला जाऊन आईच्या हातात द्या, म्हणजे नेमकं पिक्चरमधलंच पुन्हा लाइव्ह. मध्ये एक रात्र जाऊ द्या, वरण-भात, कॅरम, थोडं भांडण. आम्ही तेच केलं. दुसऱ्या दिवशी ब्रिजवर आईने विचारलं पिक्चर कसा होता, तर पोरगी म्हणाली, "चांगला होता, पण आपल्याला चाची नकोय आता, बाबाला फक्त शुक्रवारी शाळा सुटल्यावर यायला सांग."

मी शुक्रवारी हाफ डे टाकलाय.