वूहानला पशुवैद्यकीय संशोधनासाठी निघण्याआधी

सगळ्यात आधी हे ठरवा, पदवी हवी आहे की संशोधन? बारावीनंतर थेट पाच वर्षांच्या पशुवैद्यक पदवीसाठी चीन गाठणं मला पटत नाही. परतून इथे प्रॅक्टिस करायची तर भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, 1984 नुसार मान्य पात्रता आणि नोंदणी लागते. ते कागदोपत्री तपासल्याशिवाय एजंटच्या हातावर एक रुपया ठेवू नका. पण परळ, नागपूर किंवा शिरवळहून बी.व्ही.एस्सी. झालंय आणि पुढे मास्टर्स-पीएचडी करायचीय, तर वूहानच्या ह्वाचोंग कृषी विद्यापीठाचं पशुवैद्यक महाविद्यालय जरूर बघा.

तिथे मुख्य जनावर डुक्कर. जगातली जवळपास निम्मी डुकरं चीनमध्ये आहेत आणि या कॉलेजचं नाव झालं ते डुकरांच्या संसर्गजन्य रोगांवरच्या कामामुळे. स्यूडोरेबीज या डुकरांच्या विषाणूजन्य रोगावर काम केलेले छन ह्वानछुन इथलेच. आपली इंटर्नशिप जाते गाई-म्हशींत, कासदाह आणि पोटफुगीत. म्हणून निघण्याआधी पीआरआरएस (प्रजनन आणि श्वसन बिघडवणारा रोग), स्यूडोरेबीज, क्लासिकल आणि आफ्रिकन स्वाइन फीव्हर हे डुकरांचे रोग नीट वाचून घ्या. शक्य असेल तर ओळखीच्या वराहपालकाकडे काही दिवस हात चालवा. नाकाला फास लावून डुक्कर धरणं वाटतं तेवढं सोपं नसतं, किंकाळ्यांनी कान बधिर होतात. रक्त काढताना शीर दिसत नाही. मानेच्या तळाशी खाच चाचपून, शक्यतो उजव्या बाजूने, अंदाजानेच सुई घालावी लागते. पहिल्याच आठवड्यात हे जमलं तर लॅबमधले सीनियर तुम्हाला मोजायला लागतात.

दुसरं काम गाइड शोधण्याचं. सत्र सप्टेंबरात सुरू होतं, पण चायना स्कॉलरशिप कौन्सिलच्या शिष्यवृत्तीची धावपळ आधीच्या हिवाळ्यातच असते, तेव्हा प्राध्यापकांना दिवाळीच्या सुमारास लिहा. त्यांचे अलीकडचे दोन-तीन पेपर वाचून त्यातला एखादा नेमका प्रश्न विचारा. ‘रिस्पेक्टेड सर’वाल्या सामुदायिक मेलला कोणी भीक घालत नाही. पदवी मिळायला किती आणि कसे पेपर लागतात, लॅब मीटिंग कोणत्या भाषेत होते, हे तेव्हाच लेखी विचारून ठेवा. कोर्स इंग्रजीत असला तरी फार्मवरचा माणूस चिनीच बोलतो, त्यामुळे एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या पहिल्या दोन पातळ्या इथेच उरकलेल्या बऱ्या.

कागदांत मार्कशीट, पदवी प्रमाणपत्र, पोलीस क्लिअरन्स हे नेहमीचंच. घोळ होतो तो वैद्यकीय तपासणीच्या फॉर्ममध्ये: फोटोवर अर्धा येईल असा हॉस्पिटलचा शिक्का नसेल, किंवा एक रकाना जरी रिकामा राहिला, तरी फॉर्म बाद. तपासणी फार लवकरही करू नका, ती सहा महिनेच चालते. एक्स-1, म्हणजे दीर्घ मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर गेलात तर पोचल्यापासून 30 दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करायचा असतो. रेबीजची प्रतिबंधक लस घेतली असेल तर तारखांची नोंद जवळ ठेवा. नसेल तर इथूनच घेऊन जा.

सामानात स्वतःचा ॲप्रन आणि मापाचे गमबूट असू द्या. वूहान दक्षिणेत मोडतं म्हणून घरोघरी सेंट्रल हीटिंग नसतं, आणि तिथली दमट थंडी हाडात शिरते. थर्मल विसरू नका. जीमेल, गूगल स्कॉलर, व्हॉट्सॲप तिथे सरळ उघडत नाहीत, तेव्हा पर्यायी मेल सुरू करा, आणि लागणारे पेपर उतरवून ठेवा. तिथे सगळे वापरतात ते वीचॅट हे मेसेजिंग ॲप, पण त्यावर भारतात 2020 पासून बंदी आहे, त्यामुळे त्याचं खातं तिथे पोचल्यावरच उघडा. आईबाबांशी कसं बोलायचं ते निघण्याआधीच ठरवून ठेवा, नाहीतर पहिला आठवडाभर घरी घोर लागेल.

आपल्या थीसिसचे सीरम किंवा जिवाणूंचे स्ट्रेन ‘फक्त एकच व्हायल’ म्हणून बॅगेत टाकू नका. दोन्ही देशांची परवानगी असल्याशिवाय ते हलवता येत नाहीत. फार्मवर जाण्याच्या दिवसाचीही मनाची तयारी ठेवा: ऑगस्ट 2018 मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर चीनमध्ये शिरल्यापासून मोठ्या फार्मांवर आंघोळ करून, त्यांचेच कपडे घालून आत जावं लागतं, मोबाइल निर्जंतुक करून मिळतो आणि डब्यात डुकराच्या मांसाचा पदार्थ चालत नाही. कित्येक ठिकाणी आत सोडण्याआधी एक-दोन रात्री वेगळं ठेवतात, तेव्हा सॅम्पलिंगचं वेळापत्रक आखताना तेही दिवस धरा.