थंडीत सायकलवरून कामावर: बेळगाव सीमाभागातल्या वाटांसाठी तयारी

सायकलने कामावर जायची सवय लावायची असेल, तर आपल्या सीमाभागात दिवाळी ते महाशिवरात्र यासारखा काळ नाही. पाऊस उघडलेला असतो, साइडपट्टीचा चिखल वाळलेला असतो आणि चढ चढताना अंगाची लाही होत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. पहाटे इथे १२ ते १५ अंश तापमान असते, एखाद्या आठवड्यात पारा १० च्या आसपास उतरतो आणि दुपारी पुन्हा २८-३० होते. एवढ्या थंडीला धडधाकट माणसाने घाबरण्याचे कारण नाही. जिवाला धोका आहे तो अंधाराचा आणि उसाने भरलेल्या ट्रॉल्यांचा. म्हणून खर्च करायचाच तर आधी दिव्यांवर करा, मग टायर आणि ब्रेकवर. कपड्यांचा नंबर शेवटी.

वेळ आणि वाट

नोव्हेंबरअखेरीस आणि डिसेंबरच्या सुरुवातीला बेळगावात संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. जानेवारीत सकाळी सातच्या आगेमागे उगवतो. सकाळची पहिली शिफ्ट असेल तर जाताना अंधार मिळणार आणि जनरल शिफ्ट असेल तर येताना. आपल्या वाट्याला कुठला अंधार येतो, हे आधी कागदावर लिहून काढा.

नव्या माणसाचा सरासरी वेग ताशी १२ ते १४ किलोमीटर धरावा. म्हणजे आठ किलोमीटरला ३५ ते ४० मिनिटे. येळ्ळूर, मजगाव, अनगोळ, वडगाव किंवा पिरनवाडीहून उद्यमबागेत (बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत) येणाऱ्यांना हे सहज जमते. एका बाजूचे अंतर पंधरा किलोमीटरच्या वर असेल तर पहिल्या महिन्यात रोज जाण्याचा हट्ट धरू नका.

वाट निवडताना दिशाही बघा. उचगाव, सुळगा, हिंडलगा या पश्चिमेकडच्या बाजूने बेळगावात येणाऱ्यांच्या डोळ्यांवर सकाळी उगवतीचे ऊन असते आणि परतताना मावळतीचे. तुमचे डोळे दिपतात तसे मागून येणाऱ्या ड्रायव्हरचेही दिपतात, आणि त्याला पुढची सायकल दिसतच नाही. या रस्त्यावर सूर्य डोळ्यांसमोर असताना मागचा दिवा दिवसाउजेडीही चालू ठेवा. बेळगावहून त्याच बाजूच्या शिनोळीला कामाला जाणाऱ्यांच्या पाठीवर दोन्ही वेळा ऊन असते, पण समोरून ओव्हरटेक करत येणाऱ्याला ते दिसत नाहीत. तिथे पुढचा दिवा लुकलुकत ठेवणे उपयोगाचे.

राष्ट्रीय महामार्गाची मुख्य लेन टाळा, सर्व्हिस रोड धरा, आणि उलट्या दिशेने कधीही जाऊ नका. तवंदी आणि वंटमुरी घाट नवख्यासाठी नाहीत. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात गवे आणि अस्वले असतात, तिथे उजाडण्याआधी एकट्याने निघू नये.

वाट ठरली की एका रविवारी, कामाच्या नेमक्या वेळेला, ती एकदा जाऊन बघा. दुपारी बघितलेला रस्ता पहाटे वेगळा असतो: कुठे दिवे नाहीत, कुठे कुत्र्यांची टोळी बसते, कुठे गतिरोधकाचा पांढरा पट्टा पुसला आहे, हे त्याच वेळी कळते. कुत्री अंगावर आली तर वेग वाढवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत पुढे व्हा.

पावसाळा खाल्लेली सायकल

घरातली जुनी सायकल चालेल, पण चार महिने ओल खाल्ल्यावर ती तशीच बाहेर काढू नका. हब (चाकाचा मधला भाग) आणि पॅडलच्या एक्सलमधले ग्रीस पावसाच्या पाण्याने धुऊन गेलेले असते. त्यावर चालवत राहिलात तर छर्रे आणि ते ज्यावर फिरतात ते कोन खराब होतात. दुकानात एकदा ओव्हरऑइलिंग, म्हणजे सगळे खोलून, साफ करून नवे ग्रीस भरणे, करून घ्या. बाकीचे घरी होते.

चेन: डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, मग प्रत्येक कडीवर एक थेंब चेन ऑइल सोडा. दहा मिनिटांनी वरचे तेल कोरड्या फडक्याने पुसून काढा. तेल आत हवे, बाहेर राहिलेले फक्त धूळ धरते. शिलाई मशीनचे तेल चालते, पण लवकर उडून जाते. इंजिनचे जळके काळे ऑइल नको. खोबरेल तर अजिबात नको, साधारण २४ अंशांच्या खाली ते गोठते. चेन झिजली आहे का हे लोखंडी पट्टीने कळते. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा, तिथून पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. गिअरच्या सायकलला १/१६ इंच आणि साध्या सायकलला १/८ इंच जास्त भरले तर चेन बदला, नाहीतर ती दाते खाऊन टाकते.

ब्रेक: रबरात पावसाळ्यातली वाळू रुतलेली असते आणि वरचा थर कडक, चकचकीत होतो. सँडपेपरने घासून तो काढा. रबर आणि रिममध्ये १ ते २ मिलिमीटर जागा ठेवा. लिव्हर पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकत असेल तर वायर ओढून घ्या. पहाटे रिमवर दव असते, त्यामुळे पहिले एक-दोन ब्रेक कमी लागतात. घराबाहेर पडताच हळू चालवत ब्रेक दोनदा दाबून रिम पुसून घ्या.

हवा: किती मारायची ते टायरच्या कडेवर लिहिलेले असते, त्या मर्यादेतच राहा. दुपारच्या ३० अंशांत ५० पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) भरलेली हवा पहाटे १३ अंशांत साधारण ४६ होते. शिवाय ट्यूब रोज थोडी हवा सोडतेच. म्हणून आठवड्यातून एकदा, सकाळीच, हवा तपासा. साध्या व्हॉल्व्हची सायकल असेल तर व्हॉल्व्ह ट्यूब (व्हॉल्व्हवरची छोटी रबरी नळी) नवी घाला, जुनी कडक होऊन चिरते आणि लोक पंक्चर शोधत बसतात.

सीटची उंची: भिंतीला टेकून सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल सर्वांत खाली आणा. गुडघा सरळ झाला पाहिजे. चालवताना चवड्याने पॅडल मारलेत की तो हवा तेवढाच वाकतो. पुढे गुडघ्याच्या वाटीपाशी दुखू लागले तर बहुधा सीट खाली आहे, मागच्या शिरेत दुखले तर वर आहे. एका वेळी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त हलवू नका.

दिवे

शहरात दिव्याखालून जाताना तुम्ही दिसावेत एवढ्यासाठी छोटा दिवा पुरतो. मच्छे किंवा येळ्ळूरच्या वाटेवर तुम्हालाही रस्ता दिसला पाहिजे, त्यासाठी पुढे ४०० ल्युमेनच्या (ल्युमेन म्हणजे उजेडाचे माप) आसपासचा दिवा घ्या. खोक्यावर लिहिलेले तास बहुतेकदा मंद उजेडाचे असतात, पूर्ण उजेडावर किती टिकतो ते घरी लावून बघा. उजेडाचा मध्य ८ ते १० मीटरवर पडावा. ताशी १५ किलोमीटर वेगाला तुम्ही सेकंदाला चार मीटर जाता, म्हणजे खड्डा दिसल्यावर हाती जेमतेम दोन सेकंद असतात. धुक्यात दिवा आणखी खाली वळवा. वर मारलेला उजेड धुक्यावर आपटून डोळ्यांतच येतो.

मागे दोन लाल दिवे लावा, एक कॅरिअरखाली स्थिर आणि एक सीटच्या दांडीवर लुकलुकता. एक मधेच बंद पडला तर मागे बघितल्याशिवाय तुम्हाला कळत नाही. डायनॅमो असला तरी सायकल थांबली की तो विझतो, त्याच्या भरवशावर चौकात उभे राहू नका. मागच्या मडगार्डवर आणि दोन्ही घोट्यांवर चमकती पट्टी बांधा. वरखाली हलणारे घोटे लांबून सायकल म्हणून ओळखू येतात. काळे जर्किन घालणार असाल तर त्यावर हे सगळे दुप्पट गरजेचे.

गाळप हंगामातला रस्ता

ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चिक्कोडी, हुक्केरी, निपाणी, गोकाक आणि बेळगावच्या आसपासचे रस्ते उसाचे असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे अनेकदा दिवाच नाही. याविषयी काही गोष्टी पक्क्या करून घ्या.

ट्रॉलीच्या मागे असाल तर किमान दहा मीटर अंतर ठेवा, तिच्या डावीकडून पुढे घुसू नका. ट्रॅक्टर वळला की दुसरी ट्रॉली आतल्या बाजूने कापते आणि तुमची जागा संपते. ट्रॉली तुम्हाला ओलांडत असेल तर ट्रॅक्टर पुढे गेला म्हणून लगेच आत येऊ नका, दोन्ही ट्रॉल्या मोजून जाऊ द्या. रस्ता अरुंद असेल तर सरळ साइडपट्टीवर उतरून थांबा. अर्ध्या मिनिटाचा प्रश्न असतो.

रस्त्यावर सांडलेला ऊस पुढच्या चाकाखाली आडवा आला तर तो लाटण्यासारखा फिरतो आणि सायकल निसटते. टाळता आला नाही तर हँडल सरळ धरा, ब्रेक सोडा आणि काटकोनात ओलांडा. दवाने भिजलेल्या पाचटावरही हाच नियम, आणि टिळकवाडीच्या रेल्वे गेटवरच्या रुळांनाही. समोरच्या हेडलाइटने डोळे दिपले की नजर रस्त्याच्या डाव्या काठावर न्या आणि वेग कमी करा.

अंगावर काय

निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल तर दोन किलोमीटरवर घाम येणार, तो गार पडणार आणि मग खरी हुडहुडी भरणार. आत सुती बनियनऐवजी खेळाचा पातळ टी-शर्ट, वर शर्ट, त्यावर वारा अडवणारे पातळ जर्किन एवढे पुरते. जाड स्वेटर वारा अडवत नाही आणि दुपारी परतताना ओझे होतो. जर्किन नसेल तर शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवा, वारा लागत नाही.

बोटे आणि कान झाका. ब्रेक बोटांनी लागतो, म्हणून पातळ हातमोजे हवेत. कानटोपी हेल्मेटखाली बसेल इतकी पातळ असावी आणि ऐकू आले पाहिजे. मफलर, ओढणी, साडीचा पदर यांचे टोक आत खोचा किंवा पिन लावा. विजारीच्या डाव्या-उजव्या, दोन्ही पायांना क्लिप किंवा रबर लावा. दमा असलेल्यांनी नाकावर रुमाल बांधावा, गार कोरडी हवा छाती आवळते. हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

पहिला महिना

पहिल्या आठवड्यात मंगळवार आणि गुरुवार, दुसऱ्यात तीन दिवस, नंतर अंग सांगेल तसे. निघण्याआधी एक केळे किंवा अर्धी भाकरी खा, नुसत्या चहावर चढ चढत नाही. थंडीत तहान लागत नाही, तरी पाणी पीत जा. गिअर हलका ठेवा आणि पाय जलद फिरवा, जोर लावून दाबू नका. फौंड्रीत भट्टीजवळ काम करणाऱ्यांनी गेटबाहेर पडण्याआधीच जर्किन चढवावे. रात्रपाळीनंतर डोळे मिटत असतील त्या दिवशी बसने या.

पिशवी पाठीवर नको, कॅरिअरवर बांधा, पाठ भिजत नाही. शेवटचा किलोमीटर अगदी हळू चालवा. पोचल्यावर दहा मिनिटे बसून ओल्या पंच्याने अंग पुसा, मग शर्ट बदला. लगेच बदललात तर नवा शर्टही भिजतो. कुलूप मागच्या चाकातून आणि फ्रेममधून जाईल असे घ्या.

सराटे

पावसाळ्यानंतर साइडपट्टीवरचा काटेरी सराटा वाळतो आणि थंडीभर पंक्चर काढायला लावतो. सोबत एक ट्यूब, पंप, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि चाकाच्या नटांचा पाना ठेवा. बहुतेकदा १५ नंबरचा लागतो, पण दोन्ही चाकांना बसतो का ते घरीच बघा. टायरमध्ये काटा दिसला आणि हवा अजून टिकून असेल तर तो रस्त्यात उपटू नका, त्यानेच भोक बुजलेले असते. कामावर पोचून काढा. ट्यूब बदलताना टायरच्या आतून फडके फिरवा, एकाबरोबर आणखी दोन काटे सापडतात. ते राहिले तर नवी ट्यूबही पंक्चर होते.

महाशिवरात्रीनंतर परतीच्या वाटेवर ऊन तापू लागते. जर्किन घरी ठेवा आणि एकाऐवजी पाण्याच्या दोन बाटल्या घ्या. मागचे दोन्ही दिवे मात्र कारखान्यांचे गाळप थांबेपर्यंत रोज चार्ज करा.