विकतचा पेडल बॉक्स आणि पाय काढल्यानंतरचे पेडल

फॉर्म्युला स्टुडंट, म्हणजे विद्यार्थ्यांनी बांधलेल्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेच्या प्रकारची गाडी बांधणाऱ्या महाविद्यालयीन टीममध्ये ब्रेकचे काम ज्या नव्या विद्यार्थ्याकडे येते, त्याला पहिल्याच दिवशी सांगितले जाते की पेडल बॉक्स, म्हणजे पेडल आणि त्याच्या बैठकीचा तयार संच, विकत आणलेला आहे, तुला तो फक्त बसवायचा आहे. या बोलण्यावर विसंबून वेळापत्रक आखू नका. पुण्यातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये चासीचे (गाडीच्या सांगाड्याचे) वेल्डिंग जितक्या दिवसांत झाले, त्याहून अधिक दिवस या बसवण्यात गेले, आणि त्यातला बराचसा काळ जी गोष्ट कोणी सांगितली नव्हती ती शोधण्यात गेला. टिल्टन, विल्वुड किंवा एपी रेसिंग यांचा बॉक्स घेतला, तर पेडल, त्याचा आस, बॅलन्स बार (पायाचे बळ पुढच्या आणि मागच्या ब्रेकमध्ये वाटणारा दांडा) आणि मास्टर सिलिंडर (पेडलच्या बळाने ब्रेक ऑइलवर दाब आणणारे, पुढच्या व मागच्या चाकांसाठी एकेक) बसवण्याची जागा या गोष्टी उत्तम घडवलेल्या मिळतात. तुमच्या चासीचा तळ, तुमच्या ड्रायव्हरच्या पायांची लांबी आणि तुमच्या कॅलिपरच्या (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिस्टनचा आकार मात्र त्या कंपनीला ठाऊक नसतो.

बोअरच्या, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या, निवडीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण हे गणित बहुतेकांना येते, पण उलट्या दिशेने येते. मोठ्या बोअरचा मास्टर सिलिंडर म्हणजे जोरदार ब्रेक, असे समजणारे दर वर्षी भेटतात. ड्रायव्हरने ४०० न्यूटन बळ लावले आणि पेडलचे गुणोत्तर (पेडल पायाचे बळ किती पट करते ते) ५ असेल, तर बॅलन्स बारवर २००० न्यूटन येतात, आणि त्यातले ६० टक्के पुढच्या चाकांना दिले तर पुढच्या सिलिंडरला १२०० न्यूटन मिळतात. ५/८ इंच बोअरचे क्षेत्रफळ सुमारे १९८ चौरस मिलिमीटर असल्याने तिथे जवळपास ६० बार दाब तयार होतो, तर ३/४ इंच बोअरमध्ये त्याच पायाने ४२ बारच मिळतो. मोटारसायकलचे कॅलिपर वापरणाऱ्या टीमने हा हिशेब ऑर्डर देण्याआधी करावा, कारण परदेशातून आलेला सिलिंडर परत पाठवणे आपल्या बजेटमध्ये बसत नाही.

बॉक्स कुठे बसणार हेही आधीच ठरवावे लागते. स्पर्धेच्या नियमांनुसार सीटवर ठेवलेल्या २०० मिलिमीटर वर्तुळाच्या केंद्रापासून पेडलच्या पृष्ठभागापर्यंत किमान ९१५ मिलिमीटर अंतर लागते, आणि ब्रेक पेडल व त्याच्या बैठकीने २००० न्यूटन बळ सहन केले पाहिजे. तपासणीच्या वेळी एखादा अधिकारी सीटवर बसून अंगातल्या सगळ्या जोराने ते पेडल दाबू शकतो. पेडल २०० मिलिमीटर उंच धरले, तर त्या दाबाने बैठकीवर ४०० न्यूटन-मीटरचा आघूर्ण येतो, आणि बोल्टांच्या पुढच्या-मागच्या रांगांत १०० मिलिमीटर अंतर असेल तर ड्रायव्हरकडच्या रांगेवर ४००० न्यूटनची वर खेचणारी ओढ पडते. तळाच्या दोन मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या पत्र्याला भोके पाडून त्यावर पेडल बॉक्स आवळणाऱ्यांनी हा आकडा कागदावर लिहून पाहावा. तो पत्रा फुगतो, ड्रायव्हरला पेडल स्पंजासारखे लागते, आणि टीम हवा राहिली असेल म्हणून पुन:पुन्हा ब्लीड करत, म्हणजे ऑइलमधली हवा काढत बसते. चासीच्या नळ्यांना वेल्ड केलेल्या पट्ट्यांवरच बैठक घ्यावी आणि बोल्ट ८.८ ग्रेडचे वापरावेत.

आट्यांबाबत एक इशारा द्यायलाच हवा. या बॉक्सचे पुशरॉड (पेडलचे बळ मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला देणारे दांडे) बहुधा ५/१६ इंच यूएनएफ, म्हणजे इंच मापाच्या बारीक आट्यांचे, म्हणजे इंचाला २४ आटे असलेले असतात. त्यांचा व्यास ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे ते नजरेला एम-८ (८ मिलिमीटर मेट्रिक) सारखेच दिसतात. एक मिलिमीटर पिचचा एम-८ नट त्यावर पहिले दोन-तीन फेरे अगदी सहज चढतो, नंतर घट्ट होतो, आणि पाना लावून जोर केला की आटे जातात. नाना पेठेत सगळे मिळते, हा पुणेकरांचा विश्वास इथे फार उपयोगी पडत नाही. बॉक्स मागवतानाच त्याच मापाचे जादा जॅम नट (पुशरॉड आपोआप फिरू नये म्हणून आवळायचे नट) आणि अर्ध्या इंचाचा पाना मागवून ठेवा, कारण १३ नंबरच्या पान्याने त्या नटांचे कोपरे हळूहळू झिजतात.

आता मूळ मुद्दा. पेडल बसवल्यावर सगळे जण ते दाबून पाहतात. किती कडक आहे, किती खाली जाते, चारही चाके धरतात का, याकडे सर्वांचे लक्ष असते. पाय काढल्यावर पेडल कुठे येऊन थांबते आणि त्याला तिथे कोण थांबवते, हे मात्र क्वचितच कोणी पाहतो. आमची गाडी नेमकी याच ठिकाणी अडली.

मास्टर सिलिंडरच्या आत पिस्टन पूर्ण मागे असताना त्याच्या रबरी सीलच्या किंचित पुढे एक अगदी बारीक छिद्र उघडे असते, त्याला कॉम्पेन्सेटिंग पोर्ट म्हणतात. या छिद्रातून सिलिंडरमधले ब्रेक ऑइल वरच्या टाकीशी जोडलेले राहते. तुम्ही पेडल दाबले की पिस्टनच्या अगदी सुरुवातीच्या हालचालीतच सील ते छिद्र ओलांडते, टाकीचा रस्ता बंद होतो आणि मगच दाब तयार होऊ लागतो. पाय काढला की पिस्टन मागे येतो, छिद्र उघडते, आणि उष्णतेने प्रसरण पावलेले जास्तीचे ऑइल टाकीत परत जाते. पिस्टन पूर्ण मागे येऊ शकला नाही, मिलिमीटरभर जरी पुढे राहिला, तरी छिद्र झाकलेलेच राहते. मग डिस्क तापते, कॅलिपरमधले ऑइल तापते आणि फुगते, त्याला परतीची वाट नसल्याने पॅड डिस्कवर हलके दाबले जातात, त्या घासण्याने उष्णता आणखी वाढते, आणि हे चक्र स्वतःच स्वतःला चालवत राहते.

गाडीत याची लक्षणे फसवी असतात. पहिल्या काही फेऱ्यांत ब्रेक अप्रतिम लागतात, पेडलला जरासुद्धा मोकळी चाल नसल्यामुळे ड्रायव्हर खूश असतो. नंतर पेडल अधिकाधिक कडक होत जाते आणि गाडी जड वाटू लागते. आमच्याकडे इंजिनवाल्यांनी फ्युएल मॅपला दोष दिला, ट्रान्समिशनवाल्यांनी चेन सैल केली. सर्वांत वाईट भाग असा की गाडी उभी करून चहा पिऊन येईपर्यंत ऑइल थंड होते, पॅड सुटतात, चाके हाताने मोकळी फिरतात, आणि दोष सापडतच नाही. डिस्कवरचा निळसर रंग तेवढा उरतो, पण तोही जोरात ब्रेक मारल्यामुळे आला असेल, असे म्हणून सोडून दिला जातो.

पिस्टन पुढे अडकण्याचे कारण नीट समजून घ्या, कारण नेमकी इथेच अर्धवट माहिती घात करते. पुशरॉड लांब केला की पिस्टन दाबला जातो, असे सरसकट सांगितले जाते, ते पूर्ण खरे नाही. पेडलच्या मागे काहीही आडवे येत नसेल, तर पुशरॉड लांब केल्याने पेडल ड्रायव्हरकडे झुकते आणि पिस्टन आपल्या सर्कलिपशी (त्याला मागे अडवणाऱ्या कडीशी) जसाच्या तसा टेकलेला राहतो. म्हणूनच पेडलचा कोन बदलण्यासाठी पुशरॉड फिरवणे ही रूढ पद्धत आहे. पेडलच्या मागे एखादा अडसर असला, तर मात्र पेडल मागे सरकू शकत नाही आणि वाढलेली सगळी लांबी पिस्टन पुढे ढकलण्यात जाते. आमच्या गाडीत हा अडसर ब्रेक लाइटच्या स्विचची पट्टी हा होता. ती वेगळ्या उपगटाने, वेगळ्या दिवशी, पेडलच्या तेव्हाच्या स्थितीला टेकवून लावली होती. त्यानंतर बुटक्या ड्रायव्हरसाठी पुशरॉडचे काही फेरे वाढवले गेले, आणि या आट्यांचा एक फेरा म्हणजे सुमारे १.०६ मिलिमीटर असतो. पेडल पट्टीला टेकलेलेच राहिले आणि पिस्टन पुढे गेला. अडसर दुसरा काहीही असू शकतो : हौसेने लावलेला स्टॉप बोल्ट, चासीची आडवी नळी, बॅलन्स बारच्या ॲडजस्टर केबलचा ताण, इतकेच काय, जाड रंगाचा थरसुद्धा.

तपासण्याची रीत सोपी आहे. डोळ्यांवर गॉगल चढवून दोन्ही टाक्यांची झाकणे काढावीत आणि दुसऱ्याला पेडल हाताने, अगदी सावकाश दाबायला सांगावे. छिद्र उघडे असेल तर सुरुवातीच्या हालचालीबरोबर टाकीतल्या ऑइलवर छोटी उसळी किंवा तरंग दिसतो. ज्या टाकीत तो दिसत नाही, त्या बाजूचा पिस्टन पुढे आहे, असा संशय घ्यावा. बॅलन्स बारमुळे दोन सिलिंडर स्वतंत्रपणे चुकू शकतात, म्हणून बायस नॉब (पुढे-मागे बळाची वाटणी बदलणारी कळ) दोन्ही टोकांना नेऊनही ही परीक्षा करावी. चाचणीत चाके पकडली गेलीच, तर गाडी थंड होऊ देऊ नये. त्या चाकाचा ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू) किंचित सैल करावा. थेंब उडून चाक सुटले, तर आत दाब अडकलेला होता, हे सिद्ध होते. पुन्हा तसे घडल्यास या वेळी ब्लीडरला हात न लावता मास्टर सिलिंडरच्या बैठकीचे दोन नट एक-एक फेरा सैल करावेत. सिलिंडर पुढे सरकून चाक सुटले, तर दोष पुशरॉड व पेडलच्या बाजूला आहे, आणि सुटले नाही तर नळीकडे किंवा कॅलिपरकडे वळावे. दोष सापडल्यावरची दुरुस्ती दोन पान्यांची आणि काही मिनिटांची असते, त्यामुळे इथपर्यंत वाचून घाबरलेल्यांनी धीर सोडू नये.

पाय काढल्यावर पुशरॉड बोटांनी जेमतेम हलला पाहिजे. तिथली एक मिलिमीटर मोकळीक ५ गुणोत्तराने पायापाशी ५ मिलिमीटर होते, आणि ड्रायव्हर त्याबद्दल तक्रार करणारच. ती तक्रार ऐकून घ्यावी, पुशरॉड मात्र फिरवू नये. उंच आणि बुटके ड्रायव्हर एकाच गाडीत बसणार असतील, तर संपूर्ण बॉक्स रुळांवर सरकवण्याची सोय करावी किंवा पेडलवरची पाय ठेवायची पट्टी वेगळ्या जाडीची करावी.

सल्ला कोणाचा घ्यावा, याबाबत माझे मत एकांगी आहे, आणि ते तसेच राहू द्यावे म्हणतो. पास होऊन नोकरीला लागलेले सिनियर फोनवरून जे सांगतात, ते त्यांच्या गाडीचे असते, आणि त्यांच्या गाडीत बहुधा जुन्या मारुतीचा एकत्र दुहेरी सिलिंडर होता, ज्यात बॅलन्स बारच नसतो. आमच्या वर्कशॉपमधल्या फिटरकाकांनी यूएनएफ हे नाव कधी उच्चारले नव्हते, पण पेडल हातात धरून ‘हे मागं कुठंतरी टेकतंय’ एवढे त्यांनी लगेच ओळखले होते. त्या क्षणी आम्ही संगणकावरच्या मॉडेलवर अधिक विश्वास ठेवला. मॉडेलमध्ये स्विचची पट्टी काढलेलीच नव्हती.

ब्लीड करताना पुढच्या आणि मागच्या सर्किटचा (ब्रेक ऑइलच्या स्वतंत्र मार्गाचा) एकेक ब्लीडर एकाच वेळी उघडावा. एकच उघडला तर बॅलन्स बार तिरका होतो, दुसऱ्या सिलिंडरच्या दाबावर अडतो आणि पिस्टनला पूर्ण चाल मिळत नाही. तो तिरका होणे हीच त्याची सुरक्षा आहे : एक सर्किट गेले तर क्लेव्हिस (बारला पुशरॉडशी जोडणारा भाग) पेडलच्या नळीला टेकतो आणि उरलेले बळ दुसऱ्या सर्किटला मिळते. त्यासाठी क्लेव्हिसच्या बाजूंना एकूण पाच-सहा मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी लागते. जास्त ठेवली तर बार फारच कलंडतो, आणि अजिबात ठेवली नाही तर तो वाकड्यातच अडकतो. या कलंडण्याची खरी परीक्षा ओव्हर-ट्रॅव्हल स्विचपाशी होते. एक ब्लीडर मुद्दाम उघडा ठेवून पेडल दाबले असता पेडल तळाला टेकण्याआधी तो स्विच पडून इंजिन बंद झाले पाहिजे. पुशरॉडची लांबी बदलली की ही परीक्षा पुन्हा करावी, कारण पेडलचा कोन बदलला की स्विचपर्यंतचे अंतरही बदलते.

सर्व जमल्यावर दोन्ही पुशरॉडची लांबी व्हर्नियर कॅलिपरने मोजून ब्रेकच्या वहीत लिहून ठेवावी आणि जॅम नटांवरून पुशरॉडपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढावी. पुण्याहून कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवे या रेसिंग ट्रॅकपर्यंत स्पर्धेसाठी गाडी ट्रकमधून हादरे खात जाते. उतरवल्यावर इतर कशालाही हात लावण्याआधी त्या रेघा पाहाव्यात, आणि एखादी तुटलेली दिसली तर लांबी वहीशी ताडून, टाकीतली उसळी पुन्हा पाहून मगच गाडी तपासणीच्या रांगेत लावावी.