कांदा बीजोत्पादन: गोंडे उमलले की पंप खाली ठेवा

अहिल्यानगर, नाशिक, जालना, बुलडाणा भागात बियाण्याच्या कांद्याचे डेंगळे (फुलांचे दांडे) वर आले आहेत, गोंडे (फुलांचे गुच्छ) फुटू लागले आहेत. आता एवढं एकच सांभाळा: फूल उघडं असताना कीटकनाशक मारू नका.

दरवर्षी हेच होतं. आभाळ भरून येतं, फुलकिडे दिसतात आणि सकाळी आठलाच पंप पाठीवर चढतो. मधमाशीही त्याच वेळी गोंड्यावर आलेली असते. पुढे गोंडा भरलेला दिसतो, पण तळहातावर चोळला की नुसता भुसा आणि पोचट बी.

कांद्याच्या फुलात पुंकेसर आधी फुटतात, पराग झडून जातो आणि स्त्रीकेसर दोन-तीन दिवसांनी तयार होतो. त्यामुळे पराग दुसऱ्या फुलावरूनच यावा लागतो, आणि तो आणते माशी. गोंड्यातली शेकडो फुलं दोन ते चार आठवडे टप्प्याटप्प्याने उमलतात, तेवढे दिवस माशी शेतात टिकली पाहिजे.

‘संध्याकाळी मारा, काही होत नाही’ असं दुकानात सांगतात. फिप्रोनिल या कीटकनाशकाच्या बाबतीत हे खोटं आहे, त्याचा अंश दुसऱ्या दिवशीही माशी मारतो. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही कीटकनाशकं झाडात भिनून मकरंदात उतरतात. फिप्रोनिल ५ एससी, लिटरला १ मिली, ही फुलकिड्यांची शिफारस डेंगळे निघण्याआधीच उरका. नंतर निळे चिकट सापळे लावा. फारच वाढले तर ५ टक्के निंबोळी अर्क, तोही सूर्य मावळल्यावर.

मधमाशीच्या पेट्या एकरी २ ते ३ ठेवा, पण साधारण १० टक्के फुलं उमलल्यावर. आधी आणल्या तर माश्या शेजारच्या मोहरीला लागतात आणि कांद्याकडे वळत नाहीत. कांद्याचा मकरंद त्यांना तसाही फार आवडत नाही. पेटीचं तोंड पूर्वेला, वर सावली, स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत म्हणजे मुंग्या चढत नाहीत. जवळ उथळ भांड्यात पाणी आणि त्यात खडे, नाहीतर माश्या बुडतात.

माशी ओढणारी महागडी औषधं घेऊ नका. रानात माशीच नसेल तर बाटली कुणाला ओढणार? गुळाच्या पाण्याचा हलका फवारा काही जण मारतात, थोडा फरक पडतो असा अंदाज आहे, पण मुंग्याही येतात. त्यापेक्षा बांधावर बडीशेप, धने, ओवा टप्प्याटप्प्याने पेरा. आग्या मोहोळ जाळू नका.

बाकी कामं:
- ठिबकने पाणी, फुलोऱ्यात ताण नको, तुषार सिंचन बंद.
- करपा: मॅन्कोझेब २.५ ग्रॅम प्रति लिटर, फुलं उमलण्याआधी.
- दुसऱ्या वाणापासून अंतर: प्रमाणित बियाण्याला ५०० मीटर, पायाभूत बियाण्याला १००० मीटर.
- काळं बी दिसू लागलं की ३-४ तोडे.

सकाळी दहाला वाफ्यात पाच मिनिटं उभे राहा. माशी दिसलीच नाही तर त्याच दिवसापासून ९ ते ११ या वेळात मऊ सुती कापड हाताला गुंडाळून गोंड्यांवरून हलकेच फिरवा, एका आड एक दिवस, फुलोरा संपेपर्यंत. बी माशीइतकं भरणार नाही, पण गोंडे रिकामेही राहणार नाहीत.