रेड डॉट लावल्यावर नळी खाली डुचकायला लागली, त्यावरचा उपाय

भारतात ९ मिमी पिस्तूल साध्या परवान्यावर मिळत नाही, पण मी अमेरिकेत युएसपीएसए या नेमबाजी संघटनेच्या सामन्यांत, कॅरी ऑप्टिक्स गटात (यात पिस्तुलावर रेड डॉट चालतो) तेच वापरतो. स्लाइडवर, म्हणजे गोळी सुटल्यावर मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागावर, रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारं नेम धरायचं भिंग) बसवला आणि गोळी सुटल्यावर ठिपका वर जाऊन परतताना निशाणाच्या खाली जायला लागला. पकड बदलून पाहिली, फरक नाही.

मग हिशेब मांडला. रेड डॉटमुळे स्लाइडचं वजन वाढलेलं. साधारण ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३२० मीटर वेगाने निघते. स्लाइड जड असो वा हलकी, हाताला बसणारा एकूण धक्का तेवढाच. वजनाने बदलतो तो धक्क्याचा वेळ. जड स्लाइड सावकाश मागे येते, झटका मऊ लागतो. (रेंजवर कुणीतरी ‘जड म्हणजे कमी रिकॉइल (मागचा धक्का)’ म्हणतोच, अर्धंच खरं.) खरी गोम परतीच्या प्रवासात. स्लाइड पुढे ढकलणाऱ्या रिकॉइल स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा तेवढीच, पण वजन वाढलं की पुढे आदळतानाचा संवेग वाढतो आणि नळी खाली डुचकते.

म्हणून १३ पौंड ताकदीची रिकॉइल स्प्रिंग काढून ११ची, कमी जोराची घातली. ठिपका आता जागेवर परततो. स्लाइड आतून कोरून हलकी करणारेही आहेत, पण ते खर्चिक, आणि त्याआधी गटाचे नियम वाचावेत.

स्प्रिंग फार हलकी नको. स्लाइड मागे जोरात आपटते, पुढे येताना पूर्ण बंद न होण्याचीही भीती. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून, नळी वर धरून स्लाइड हळूहळू पुढे सोडा. शेवटपर्यंत आपोआप बंद झाली पाहिजे. मग सामन्याच्याच काडतुसांनी रेंजवर तपासा.