छोट्या क्लबात मेटल गिग बघायला जाताय? मग हे वाचून जा

स्टेडियममधला कॉन्सर्ट वेगळा आणि दोन-तीनशे माणसांच्या खोलीतला मेटल गिग, म्हणजे हेवी मेटल बँडचा लाइव्ह शो, वेगळा. स्टेडियममध्ये बँड तुम्ही स्क्रीनवर बघता, इथे गिटारवाल्याची बोटं तुमच्यापासून दोन हातांच्या अंतरावर असतात आणि ड्रमरने डबल पेडल (दोन्ही पायांनी मोठा ड्रम वाजवायचं पेडल) सुरू केलं की बरगड्या हलतात. मला विचाराल तर हेवी म्युझिक ऐकायची खरी जागा हीच. मुंबईत लोअर परळचं अँटीसोशल, पुण्यात कोरेगाव पार्कातलं हाय स्पिरिट्स, अशा ठिकाणी जे पहिल्यांदाच जाणारेत त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी वयाचं बघा. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि हार्ड लिकरला २५ अशी मर्यादा आहे, त्यामुळे जिथे बार आहे तिथले बरेच गिग २१ प्लस असतात, मग तुम्ही दारू पिणार असा किंवा नसा. पोस्टर नीट वाचा आणि आयडी सोबत ठेवा. बॅग छोटी न्या, शक्यतो नकोच. बंद बूट घाला आणि लेस डबल गाठ मारून बांधा, चप्पल किंवा सँडल घालून येणाऱ्यांच्या पायाची हालत मी बघितलीये.

वेळेवर जा, म्हणजे ओपनिंग बँडच्या आधी. हे मी अगदी कळकळीने सांगतोय. लोक हेडलाइनर, म्हणजे शेवटचा मुख्य बँड, बघायला साडेनऊला उगवतात आणि पहिला बँड पंधरा लोकांसमोर वाजवून जातो. आपल्याकडचा प्रत्येक मोठा मेटल बँड कधीतरी असाच रिकाम्या खोलीत वाजवत होता. मुंबईचा गटस्लिट आज युरोपात जाऊन टूर करतो, पण त्यांचीही सुरुवात इथल्याच छोट्या स्टेजवर झाली. आणि आपल्याकडे स्टेज आहेतच किती? धोबीतलावचं रंगभवन, जिथे इंडिपेंडन्स रॉक हा रॉक फेस्टिव्हल व्हायचा, ते शांतता क्षेत्रात आलं म्हणून बंद पडलं. लोअर परळचाच ब्लू फ्रॉग क्लब २००७ ला सुरू झाला आणि २०१६ ला बंद झाला. जे उरलंय ते माणसं येतात म्हणूनच उरलंय, त्यामुळे लवकर जाणं, तिकीट काढून जाणं, गेस्टलिस्टसाठी (फुकट एन्ट्रीसाठी) मागे न लागणं, ह्या सगळ्याला अर्थ आहे.

आता कान. ह्यावर लोक हसतात पण प्लीज हसू नका. ८५ डेसिबल आवाज रोज आठ तास चालतो असं धरतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, असं करत करत १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं! छोट्या खोलीतला मेटल गिग १०० च्या वर सहज जातो आणि तुम्ही तिथे दोन-अडीच तास उभे असता. कानाच्या आतल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, त्यावर औषध नाही. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग अगदी स्वस्तात मिळतात, तेही चालतात पण ते वरच्या पट्टीचा आवाज जास्त खातात म्हणून व्होकल आणि सिंबल गढूळ वाटतात. म्युझिशियन लोक वापरतात ते फिल्टरवाले प्लग थोडे महाग पडतात पण सगळा आवाज साधारण सारखाच खाली आणतात, उलट रिफ (गिटारच्या परत परत येणाऱ्या ओळी) जास्त स्वच्छ ऐकू येतात. फोमवाला घालायची पण पद्धत आहे: बोटांत फिरवून अगदी बारीक सुरळी करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, सुरळी आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. नुसता कानाच्या तोंडाशी चिकटवला तर काही उपयोग नाही, दुसऱ्या गाण्यात पडतो.

उभं कुठे राहायचं, हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. छोट्या जागेत गिटारचा आवाज थेट स्टेजवरच्या अँपमधून येतो, ड्रम तर तसेच ऐकू येतात, पण गाणाऱ्याचा आवाज मात्र फक्त बाजूच्या पीए स्पीकरमधून, म्हणजे हॉलच्या मोठ्या स्पीकरमधून, येतो. म्हणून एकदम पुढे मधोमध उभं राहिलात तर ज्या गिटारवाल्यासमोर आहात त्याचीच गिटार कानात शिरते आणि व्होकल कुठेतरी मागे हरवतात. पुढे उभं राहण्याची मजा आहेच, पण साउंड हवा असेल तर साउंडवाल्याच्या कन्सोलजवळ जा, तो स्वतःच्या कानाने मिक्स करतोय, त्यामुळे तिथे जे ऐकू येतं तेच बरोबर. कोपरे टाळा, तिथे बेस साठतो आणि किक ड्रमचा नुसता गोळा होतो. भिंतीला चिकटून पण तेच. माझी पद्धत अशी की ओपनर कन्सोलपाशी ऐकायचा आणि हेडलाइनरची शेवटची तीन-चार गाणी पुढे जाऊन घ्यायची.

पिट, म्हणजे स्टेजसमोर लोक एकमेकांना ढकलत नाचतात ती जागा. मध्ये गोल रिकामा व्हायला लागला, लोक मागे सरकायला लागले की समजायचं. आत जायचं नसेल तर त्या गोलाच्या काठावर उभं राहू नका, एकतर दोन-तीन रांगा मागे जा नाहीतर आत या. आत असाल तर कोपरं आणि मुठी खाली, खांद्याने ढकलायचं, हे भांडण नाहीये. कोणी पडलं की थांबायचं, लगेच. जवळच्या दोघांनी काखेत हात घालून उचलायचं, बाकीच्यांनी हात पसरून मागून येणाऱ्यांना अडवायचं. चष्मा किंवा मोबाईल सापडला तर हात वर करून धरायचा, मालक येतो. मुलींना हात लावण्याचे प्रकार करणारा दिसला तर बघत बसू नका, बाउन्सरला नाहीतर सरळ स्टेजवर सांगा, गायक गाणं थांबवून त्याला बाहेर काढतात. आणि पाणी प्या राव, बंद खोलीत एवढ्या गर्दीत चक्कर येते.

मोबाईलवर एखादं गाणं शूट करा, पण हात वर धरून अख्खा सेट नको, मागच्याला तुमचा स्क्रीनच दिसतो.

शो संपल्यावर लगेच पळू नका. दाराजवळ किंवा बारच्या बाजूला मर्चचं (बँडचे टी-शर्ट वगैरे विकायचं) टेबल असतं आणि बहुतेक वेळा बँडमधलंच कोणीतरी तिथे उभं असतं. तिकिटाच्या पैशातून जागा, साउंड, प्रवास हे सगळं वजा करून बँडच्या हातात फार थोडं उरतं, टी-शर्टचे पैसे मात्र जवळजवळ थेट त्यांच्याकडे जातात. जमलं तर एक घ्या, नाही जमलं तर कुठलं गाणं आवडलं ते तोंडावर सांगा. साइज लवकर संपतात, म्हणून मी ब्रेकमध्येच घेऊन कमरेला बांधतो.