गाडी धुण्याआधी पुसण्याची तयारी

बादली भरायला लावण्याआधी पुसायचे टॉवेल कुठे आहेत ते बघा. उन्हात रंगावर जे बारीक गोल ओरखडे कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकतात, त्यातले बरेचसे पुसताना पडलेले असतात, कारण गाडी ओली झाल्यावर घाईत हाताला लागेल ते फडकं उचललं जातं. आमची गाडी काळी. पहिलं वर्षभर मी ती जुन्या बनियनने, अगदी मनापासून, दाबून दाबून पुसली. पावसाळा सरून लख्ख ऊन पडलं तेव्हा बॉनेट बघून जीव हळहळला. रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ असतो. तो पुन्हा वाढत नाही.

तर दोन मोठे मायक्रोफायबर टॉवेल हवेत, साधारण ६० बाय ९० सेंटीमीटरचे आणि ५०० जीएसएमच्या (म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचे. एक लहान टॉवेल काचांसाठी. चौथा, जुना, चाकं आणि दारांच्या खालच्या कडांसाठी. त्याच्या कोपऱ्यात लाल दोरा शिवून टाका, म्हणजे तो चुकून बॉनेटवर जाणार नाही. कोपऱ्यातलं लेबल कापा, तेही ओरखडतं. हे टॉवेल सुती कपड्यांबरोबर धुवू नका, नाहीतर सगळे धागे त्यांना चिकटतात. कपडे मऊ करणारं द्रावण तर नकोच, त्याने टॉवेल पाणी टिपेनासा होतो. आणि पुसताना टॉवेल जमिनीवर पडला तर झटकून पुन्हा वापरायचा नाही. पार्किंगमधला एक खडा पुरतो.

पाण्याचा विचार पुण्यात करावाच लागतो. खडकवासल्याचं नळाचं पाणी बरंच मऊ असतं. पण उंड्री, वाघोलीकडे टँकर किंवा बोअरवेलवर भागवणाऱ्या सोसायट्या पुष्कळ, आणि त्या पाण्यातले क्षार थेंब सुकला की पांढरे डाग होऊन बसतात. पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओचं सोडलेलं पाणी आपण गाडीसाठी साठवतो. हेतू चांगला, पण त्या पाण्यात क्षार जास्तच असतात. ते सुरुवातीची धूळ उतरवायला वापरा, शेवटच्या पाण्याला नको. त्यासाठी एसीच्या नळीखाली साठलेलं पाणी मलमलीतून गाळून ठेवा. त्यात क्षार जवळजवळ नसतात. ते मगाने उडवू नका, छताच्या कडेवरून संथ धार सोडा. पाण्याचा अखंड पडदा घसरत जातो आणि मागे थेंब कमी राहतात.

एप्रिल-मे महिन्यात गाडी सकाळी आठच्या आत, सावलीत धुवा. बॉनेटला हात लावून बघा. गरम असेल तर थांबा, नाहीतर टॉवेल पोचायच्या आत डाग पडलेले असतील.

हातातली अंगठी, घड्याळ काढून ठेवा. टॉवेल किंचित ओला करून घट्ट पिळा, कारण कोरड्यापेक्षा असा टॉवेल पाणी लवकर ओढतो. मग तो उलगडून छतावर अंथरा आणि दोन कोपरे धरून हलकेच आपल्याकडे ओढा. दाबायचं नाही, गोल गोल घासायचं तर मुळीच नाही. छत, काचा, बॉनेट, मग बाजू, असं वरून खाली या. कुठे मातीचा कण दिसला तर पुसू नका, पुन्हा पाणी ओता.

आरशांच्या फटीत, हँडलमागे, पेट्रोलच्या झाकणात पाणी दडून बसतं आणि दहा मिनिटांनी ओघळ सोडतं. आरसे मिटून-उघडून, दारं उघडून रबरांवरून टॉवेल फिरवा. पावसाळ्यात दारं थोडा वेळ उघडीच राहू द्या.

गाडी धुण्याच्या कामावरचे दादा धुवत असतील तर त्यांना दोष देऊ नका. पहाटे एका बादलीत आणि एका फडक्यात त्यांना कितीतरी गाड्या उरकायच्या असतात. आपल्या गाडीचे टॉवेल आपण पिशवीत घालून त्यांच्या हाती द्यावेत, आणि कोरड्या धुळीवर फडकं मारू नका, हे एकदा नीट बोलून सांगावं. आमच्याकडचे दादा आता टॉवेल धुवून, वाळवून, घडी घालून परत देतात.

सगळं झालं की गाडी लगेच हँडब्रेक ओढून दोन दिवस उभी करू नका. ब्रेकच्या लोखंडी चकत्या ओल्या असतात, त्यांवर तांबूस गंज चढतो. गल्लीतून एक चक्कर मारा, हलके ब्रेक दाबत या, आणि मग लावा.